सोनेरी कात्री

भट्टीचं दार उघडलं आणि साहेबांच्या तोंडून आधी नुसतं "अरेरे" निघालं. मग आवाज चढला.

"सोनेरी रंग कुठाय? ही काय वांगी भाजून काढलीत?"

आत टांगलेले पंच, म्हणजे जाड पत्र्याला भोकं पाडायची पोलादी हत्यारं, तपकिरी-जांभळे दिसत होते. साहेबांनी एकावर नख घासलं तर पापुद्राच निघून आला. या भट्टीत पंचांवर टायटेनियमचा सोनेरी थर चढवतात, तो केसाहून कितीतरी पातळ असतो. नीट बसला की पंच झिजायचं नाव घेत नाही. पण कुठं तेलाचा अंश राहिला की संपलं! भट्टीतली हवा काढून घेतात, भट्टी तापते, आणि कुठल्याशा सांदीतलं तेल वाफ होऊन सगळ्या मालावर बसतं.

"धुतलं कोणी?" साहेबांनी विचारलं. विचारायचं काय त्यात? धुणं मावशींचंच. भट्टीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हातून जायची. त्या ओल्या हातांनीच पुढे आल्या.

"मीच धुतलंय साहेब. नेहमीसारखंच."

"नेहमीसारखं असतं तर असं झालं असतं?"

मावशींनी एक पंच उजेडाकडे धरला, चष्मा वर करून पाहिला. "राहिलं असेल," त्या हळूच म्हणाल्या. "डोळे पूर्वीसारखे नाहीत आता."

आणि भट्टी चालवणारा आमचा गडी? तोंडात मिठाची गुळणी धरून मख्खासारखा उभा! तेल कुठून आलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यात मागच्या आकड्याला त्यानं बायकोची कापड कापायची कात्री अडकवली होती.

तसं यात जगावेगळं काही नव्हतं. भट्टीवरचे सगळेच कधी ना कधी हा मागचा आकडा वापरतात. कोणाचा चमचा, कोणाच्या सायकलची घंटी सोन्यासारखी होऊन घरी जाते, साहेबही काणाडोळा करतात. फक्त वस्तू आधी मावशींना द्यायची. त्या ती खोलून, घासून, सुकवून देत. पण याला बायकोला चकित करायचं होतं ना! मावशींना दाखवली असती तर दुपारपर्यंत कंपनीभर चिडवाचिडवी सुरू झाली असती. म्हणून यानं कात्री आपली वरवर पुसली. मधला स्क्रू काही उघडला नाही, आणि शिलाई मशीनचं वर्षानुवर्षांचं तेल नेमकं तिथंच मुरलेलं.

साहेब फोन करायला वळले तेव्हा त्यानं कात्री गुपचूप डब्याच्या पिशवीत सारली. हवा ओढणारं तोंड भट्टीच्या पुढच्या बाजूला, त्यामुळे वाफ गेली ती पंचांवरून; कात्रीची पाती मात्र सोनेरी निघाली होती. आता सांगू, मग सांगू करत राहिला. नोकरी गेली तर काय, या एका भीतीनं त्याची जीभ उचलेना. घरी बायको मात्र खूश. "अहो, केवढी झळकते!" म्हणत येणाऱ्या-जाणाऱ्याला कात्री दाखवायची. ती कापायला बसली की हा उठून बाहेर जायचा.

मग एका संध्याकाळी मावशीच दारात उभ्या राहिल्या. हातात कामावरचे दोन ॲप्रन, धुऊन घडी घातलेले.

"साहेब उद्यापासून येऊ नका म्हणाले," त्या त्याच्या बायकोला म्हणाल्या. "मग हे ठेवून काय करू? कापड जाड आहे. दोन पिशव्या शिवून दे गं."

"अगंबाई! मावशी, हे काही बोललेच नाहीत मला!"

"तो बिचारा काय बोलणार? माझंच चुकलं. पण मनातून जात नाही बघ. वाटतं, आजवर असे किती अर्धवट धुतले असतील मी? आता घरची ताटलीसुद्धा दोनदा धुते. स्वतःच्या हातांचा भरवसाच वाटेनासा झालाय."

तो कोपऱ्यात चहाचा कप धरून बसला होता. त्याला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. बायकोनं ॲप्रन पसरला, सोनेरी कात्री उचलली आणि काठाला पहिली चीर दिली.

"थांब," मावशी म्हणाल्या.

त्यांनी कात्री हातात घेतली. पाती पिवळीधमक, पण स्क्रूभोवती तपकिरी-जांभळं कडं, पंचांवर होतं तसंच. मावशींनी तिथं बोट घासलं, नाकाशी नेलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं कप खाली ठेवला. "मागच्या आकड्याला होती, मावशी. मी... स्क्रू उघडला नव्हता."

आता शिव्या येतील म्हणून त्यानं मान खाली घातली. थोबाडीत बसली असती तरी बरं वाटलं असतं त्याला.

"म्हणजे मी नीट धुतले होते?"

"हो."

"सगळे?"

"सगळे, मावशी."

मावशी मटकन खाली बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून पालथे-उताणे करून पाहिले आणि चक्क हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगंबाई, ठीक आहेत की गं माझे हात!"

आपण फक्त त्यांची नोकरी घालवली असं तो आतापर्यंत समजत होता. ते हसणं ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेल्या, मला दिली असतीस तर धुऊन दिली असती," डोळे पुसत मावशी म्हणाल्या. "थोडं चिडवलं असतं, एवढंच."

"उद्या सकाळी साहेबांना सांगतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"सांगशीलच. मी शेजारी उभी राहणार आहे." त्यांनी ॲप्रन पुढे ओढला आणि कापलेल्या जागी बोट ठेवलं. "एवढी चीर शिवून दे गं. उद्या घालायचाय."

बायकोनं एकदाही नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं सुई ओवली, बारीक टाके घालून चीर शिवली. दोरा तोडायला कात्री समोरच पडली होती. तिनं तो दातांनी तोडला.