दोनशे नव्व्याण्णव

मानपाड्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात रिॲक्टरचं, म्हणजे माल शिजवायच्या टाकीचं, तापमान आता संगणक दाखवायचा, आणि धाकू पाटलाच्या पाळीत तो मधूनच २९९ दाखवायचा. इतर कोणाच्या पाळीत नाही.

"वायर हलवतो लेकाचा," सुपरवायझर महिपतराव म्हणाले. "मशीन आलं म्हणून पोटात दुखतंय त्याच्या. शनिवारपासून घरी बसवतो."

संगणक सांभाळणाऱ्या सगुणालाही तोच संशय होता. त्याला रंगेहाथ पकडायला ती पाळीभर त्याच्या शेजारी बसली.

"बघ बाय, नीट बघ," धाकू म्हणाला. "माझे दोन्ही हात चहाच्या ग्लासाला हायेत."

माल थंड होऊ लागला. २०१, २००, २९९, १९९. हात ग्लासालाच होते.

मग सगुणाचा संशय संगणकावर गेला. यंत्राकडून आकडा घेणारा संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, तो दोन तुकड्यांत ठेवायचा: शतकस्थानचा अंक एकीकडे, उरलेले दुसरीकडे. पडद्यावरचा प्रोग्राम दोनशेतला दोन उचलायचा, तेवढ्यात कर्नल १९९ लिहून मोकळा व्हायचा, आणि प्रोग्राम त्यातले नव्व्याण्णव घ्यायचा. दोनशेवरून खाली उतरतानाच हे घडे, आणि माल थंड करायचं काम धाकूच्याच पाळीत येई.

आकडा लिहिताना कर्नलने एक खूण बदलायची, आणि वाचता वाचता खूण बदललेली दिसली तर प्रोग्रामने पुन्हा वाचायचं, असं तिने दोघांत ठरवून दिलं.

शुक्रवारी महिपतराव स्वतः पडद्यासमोर उभे राहिले. २०१, २००, १९९.

"बरं, राहू दे त्याला," ते पुटपुटले.

शेजारी बसलेल्या धाकूने दोन्ही हातांतला चहाचा ग्लास सोडला नाही. "थांबा जरा, साहेब. माझा ह्या मशीनवर अजून भरवसा नाय."