आम्ही म्हणजे धर्मेंद्र

सिहोऱ्याच्या धर्मेंद्रने आतापर्यंत अकरा मुली पाहिल्या होत्या. त्यांतल्या एकीचाही चेहरा त्याला आठवत नसे. अकराही घरचे पोहे मात्र तोंडपाठ होते. लाखनीच्या घरी तर त्याने मुलीला एकच प्रश्न विचारला, "चण्याची तर्री कोणी केली?" आजीने, असं कळल्यावर तो अर्धा तास आजीशीच बोलला. आजीला मुलगा फार पसंत पडला, पण तिचं लग्न झालेलं होतं.

वय चौतीस. धंदा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचा. व्यसन म्हणाल तर सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा. मित्र पोरींबद्दल बोलू लागले की क्रिकेट न कळणाऱ्या माणसासारखी त्याची गत व्हायची: सगळे ओरडले की आपणही ओरडायचं. मग एकदा मोबाइलवर त्याला एक शब्द भेटला. अलैंगिक. कोणाच्याच शरीराची ओढ वाटत नाही अशी माणसं असतात, धडधाकट असतात आणि एकटीदुकटी नसतात, असं तिथे लिहिलं होतं. धर्मेंद्रने ते तीनदा वाचलं आणि खुशीत एका गिऱ्हाइकाची चांगली चालणारी मोटारही उघडून दुरुस्त केली.

आपली माणसं शोधत तो तुमसरच्या समलिंगी मंडळींच्या इंद्रधनुष्य मंडळात पोचला. मंडळ दर गुरुवारी मनिषच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत भरायचं. बाजारात त्याला कॅरम मंडळ म्हणत. संशय नको म्हणून एक कॅरम बोर्डही आणून ठेवला होता. सोंगट्या आणायच्या राहून गेल्या होत्या. मंडळाची रीत अशी की नव्या माणसाने आपला पहिला प्रेमभंग सांगायचा आणि बाकीच्यांनी रडायचं. सचिव मनिषने त्यासाठी खास रुमाल शिवले होते.

"मले प्रेमभंग नाई," धर्मेंद्र म्हणाला.

"बरं, मंग नुसतं प्रेम सांग."

"तेही नाई."

"काही तरी असंल ना बे! रुमाल काढून बसलो आम्ही."

धर्मेंद्रने बराच विचार करून आपला कुत्रा मोती फाट्यावर ट्रकखाली आला ती हकिकत सांगितली. सगळे पोटभर रडले. पण मनिषने डोळे पुसले आणि तो पुन्हा सचिव झाला.

"पाय भाऊ, आमच्या मागं जग लागते, कारण आमाले भलतंच माणूस आवडते. तुले तर कोणीच नाई आवडत. मंग तुले तरास काय?"

"अकरा वेळा पोहे."

"हा का तरास झाला?"

"मी नाई म्हणलो का गाव म्हणते, डॉक्टरले दाखव. तुम्ही म्हणता, थांब, आवडंल कोणी तरी. मले तर दोन्ही सारखंच वाटून राहिलं."

ब्युटी पार्लर चालवणारी रक्षा सहसा बोलत नसे. ती म्हणाली, "मनिष, माही माय मले असंच म्हणे. थांब, आवडंल एखादा पोरगा."

मनिषचा नाइलाज झाला. रविवारी नागपूरच्या प्राइड यात्रेला मंडळाचा टेम्पो जाणार होता, प्रत्येकाच्या हाती आपापली पाटी. धर्मेंद्रनेही आपली पाटी आणावी, असं ठरलं. आपण कोण हे चारचौघांत लिहून टेम्पोत चढला, तर तो मंडळाचा. नाहीतर मग खुशाल कॅरम खेळावा.

चौतीस वर्षांत धर्मेंद्रला पहिल्यांदाच काहीतरी मनापासून हवं होतं, आणि ती निघाली पाटी.

त्याने इश्वर पेंटरला चिठ्ठी दिली: 'मी अलैंगिक'. इश्वरची हयात दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, होणाऱ्या नाटकांचे फलक रंगवण्यात गेली होती. शनिवारी त्याने पाटी घरपोच आणून अंगणातल्या तुळशीला टेकवली आणि दुकानात फोन केला.

"भाऊ, चिठ्ठीत तुमची मात्रा चुकली होती, मी सुधरवली. आन् 'मी' पाटीवर लय बारका दिसते, म्हणून 'आम्ही' केलं. किरणं फुकट."

"कायची किरणं?" धर्मेंद्रने विचारलं, पण फोन ठेवला गेला होता.

तो सायकल हाणत घरी आला तेव्हा अंगणात वीसेक माणसं हात जोडून उभी होती. पाटीवर सोनेरी अक्षरांत झळकत होतं: 'आम्ही अलौकिक'. मागे सूर्य, खाली कमळ.

गावाला सगळा उलगडा झाला होता. पोरगा लग्नाला का तयार होत नाही, बायांकडे मान वर करून का पाहत नाही, पोहेच का खातो. शेजारच्या निर्मलाबाई नारळ घेऊन पुढे आल्या. "महाराज, म्हैस दूध नाई देऊन राहिली."

"काकू, मी धर्मेंद्र. मोटारवाला."

"पाहा, किती लीन!" निर्मलाबाई मागे वळून म्हणाल्या.

त्याने तोंडात खर्रा टाकला. तोही प्रसाद समजून दोघांनी मागितला.

रात्री जेवताना ताराबाईंनी पोराला जास्तीची भाकर वाढली. "राहू दे ना बापा असंच. सकाळपासून एकही सोयरीक नाई आली. मले कोणी टोमणा नाई मारला. बारा वर्षांत पयला दिवस."

धर्मेंद्रच्या हातातला घास थांबला. सौदा वाईट नव्हता. पोहे बंद, प्रश्न बंद, आईला सुख, वर नारळ. फक्त अकरा घरी जो दुसराच कोणी समजून बसवला जात होता, तो आता स्वतःच्या घरी बसणार होता. तेही कमळावर.

रविवारी सकाळी मनिषचा टेम्पो दारात आला, तोवर रांग विहिरीपर्यंत गेली होती. पाटी वाचून मनिष म्हणाला, "आम्ही? तू तं एकटा! आन् अलौकिक कायचा बे? आम्ही का लौकिक हावोत?"

"चढू नको देऊ त्याले," टेम्पोतून कोणीतरी म्हणालं. "हा तं महाराज निघाला."

धर्मेंद्र ओट्यावर चढला. "आयका. मी महाराज नाई. मले मटण आवडते. राग येते. मले काही सोडावं नाई लागलं, कारण मले ते पायजेच नव्हतं. बाई नाई, माणूसही नाई. बस."

त्याचे वडील श्यामराव आजवर गप्प होते. ते उठले. "पोरगी नाई, पोरगा नाई, देवही नाई. मंग तू हायेस तरी कोण?"

'अलैंगिक' म्हणावं तर मात्रांचा धर्मेंद्रने धसकाच घेतला होता. त्याची नजर अंगणातल्या धानाच्या पोत्यांवर गेली.

"बाबा, धान कसा लावता?"

"पऱ्हे टाकतो, रोपं होऊ देतो. मंग उपटून दुसऱ्या बांधीत रोवतो."

"सारंच रोवता?"

"नाई. वरच्या बांधीत आवत्या. बी फेकलं का तिथंच उगवते, तिथंच पिकते. रोवणी नाई."

"त्याले कोणी इचारते का, तुही रोवणी कधी?"

श्यामरावांनी डोकं खाजवलं. ते धानाशी कधी खोटं बोलले नव्हते. "तांदूळ तं सारखाच निघते," ते म्हणाले. "पण आवत्यात तण लय होते."

"ते पाहा तण," धर्मेंद्रने नारळांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

श्यामराव हसले नाहीत. आत गेले, बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग घेऊन आले आणि पाटीवरचा 'अलौकिक' स्वतः विळ्याने खरवडून काढला. "लिव," म्हणाले. धर्मेंद्रने लिहिलं: 'आम्ही आवत्या'. निर्मलाबाई नारळ परत घेऊन गेल्या.

टेम्पोत मनिषने विचारलं, "लोकायले समजंल का हे?"

"नाई समजलं तं सांगीन."

नागपुरात कोणालाच समजलं नाही. एकाने ही तांदळाची जाहिरात आहे का विचारलं, दुसऱ्याने किलोचा भाव. मनिष प्रत्येकाला सांगत होता, "आमच्या मंडळाचा हाये तो," आणि पुढचं स्पष्टीकरण धर्मेंद्रवर ढकलत होता. दुपारपर्यंत धर्मेंद्रने नऊ जणांना धानाची लागवड समजावली.

मग पिशवी छातीशी धरलेली एक बाई गर्दीतून आली. साकोलीची अपेक्षा, पतसंस्थेत कारकून. तिने पाटी दोनदा वाचली.

"आमच्याकडे बी आवत्या टाकतात," ती म्हणाली.

"हो का."

"मले पण... रोवणी नाई पायजे. कधीच नव्हती. इथं उभी राहू का?"

धर्मेंद्र सरकला. तिने पाटीची दुसरी काठी धरली, आणि इश्वर पेंटरचं व्याकरण बरोबर झालं.