धाकट्याने मारलेला हळू चेंडू

मी डावा हातमोजा बोलतोय. आपल्या देशाच्या बीच सॉकर संघाचा जो गोलकीपर, सगळे ज्याला दादा म्हणतात, त्याचा. कालच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही, तेव्हा बोलणं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

दुकानातून निघालो तेव्हा वाटलं, देशासाठी खेळायचं म्हणजे काय थाट असेल! कसला थाट नि कसलं काय. दादा दिवसभर शाळेची बस चालवणार, बचावात खेळणारा पोस्टमन टपाल वाटणार आणि संध्याकाळी सगळे अनवाणी वाळूत धडपडणार. पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत माझ्या बोटांना चाटून किती चेंडू आत गेले ते विचारूच नका. दुसऱ्या स्पर्धेतही तीच गत. तिसऱ्या वेळी तर विमानतळावर निरोप द्यायलाही कुणी फिरकलं नाही. संघाने तोवर एकही सामना जिंकला नव्हता.

त्या तिसऱ्या स्पर्धेत समोर उभा कोण, तर दादाचा सख्खा धाकटा भाऊ! नोकरीसाठी परदेशी गेला, तिथलाच झाला आणि तिथल्याच संघातून खेळायला लागला. शेवटच्या मिनिटाला आम्ही चक्क एका गोलने पुढे होतो. तेवढ्यात पोस्टमनने धाकट्याला पाडलं. आमच्या खेळात ज्याला पाडलं त्यानेच फ्री किक मारायची आणि मध्ये कुणी आडवं उभं राहायचं नाही. दोघे भाऊ समोरासमोर आले.

धाकट्याने वाळूचा ढीग करून त्यावर चेंडू ठेवला, धावत आला आणि मारला. अहो, चेंडू इतका हळू आला की माझा विश्वासच बसेना! सरळ आमच्या मिठीत. शिट्टी झाली. पहिला विजय! सगळे दादाच्या अंगावर कोसळले. माझ्या आत त्याचा हात मात्र गार पडला होता.

घरी कौतुकाला तोटा नव्हता, पण दादाने ताट बाजूला सारलं. "आई, त्याने मला भीक घातली गं," एवढंच म्हणाला. वर्षभर त्याने भावाचा फोन घेतला नाही. दुसरा गोलकीपर शोधा, असंही संघाला कळवून टाकलं. मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकून धूळ खात राहिलो.

काल धाकटा न सांगता दारात हजर! दादा जेवता जेवता उठला. "मुद्दाम हळू मारलास ना रे?"

"मुद्दाम? वेडबीड लागलंय का, दादा? लहानपणापासून तू आधीच डावीकडे झेप घेतोस. म्हणून तर मधोमध अलगद टाकला! त्यापायी मला संघातून हाकललं. तू हललास का नाहीस, ते सांग आधी!"

दादा पांढराफटक पडला. "अरे... भीतीने पायच उचलले नाहीत माझे!"

आईच्या हातातला डाव खाली पडला. मी खिळ्यावर थिजलो. म्हणजे वर्षभर हा माणूस न मिळालेल्या भिकेपायी कुढत होता? मग आई हसली, धाकटा हसला, आणि दादा हसता हसता रडायलाच लागला.

आज सकाळी त्याने संघाला कळवलं, "मी येतोय." माझी शिवण उसवली आहे, अंगठा विरलाय, तरी एक मागणं मागतो. आपल्या माणसाने असं का केलं, ते मनातल्या मनात ठरवू नका. विचारून टाका बाबांनो, लगेच विचारा. बरं, आता रजा द्या. अंगणात दादा ओरडतोय, "मार, दया करू नकोस!" आणि तो मेला धाकटा खरंच करत नाहीये. आई गं!