तिपण्णावाडीचे चार फूट

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात उदगीरच्या ईश्वरप्पाकडं दोनच गोष्टी भरपूर होत्या. वेळ आणि मतं.

धंदा मोटारी भरायचा. विहिरीतली, बोअरमधली मोटार जळाली की लोक ती त्याच्या दुकानात आणून टाकत, तो आतलं जळकं वायंडिंग उपसून नवी तार भरून देई. पण मोटार जळायला आधी ती चालावी लागते, आणि ती चालायला पाणी लागतं. फेब्रुवारीपासून दुकानात एक मोटार आली नव्हती. ईश्वरप्पा सकाळी शटर वर करी, कपाळावरचा भस्माचा पट्टा नीट आहे का ते काचेत बघी, आणि फोन उघडून जगाशी भांडायला बसे.

'चर्चा मराठवाडा' नावाचा फेसबुकवरचा ग्रूप. अकरा हजार माणसं, त्यातली भांडणारी पन्नासेक, बाकीची बघे. विषयाला तोटा नव्हता. ऊस बंद करावा का, तुरीचं नवं बियाणं घ्यावं का, ढगावर मीठ मारून पाऊस पाडतात ते खरं की विमानवाल्यांची सहल. आणि सगळ्या विषयांच्या शेवटी लातूरपासून वेगळा उदगीर जिल्हा. तो सव्वीस जानेवारीला होणार होता. मग गुढीपाडव्याला होणार होता. मग एक मेला नक्की होणार होता. शेजारचा भांड्यांचा दुकानदार संगप्पा जिल्हा कृती समितीत होता, आणि त्यानं प्रत्येक तारखेला पेढ्यांची चौकशी करून ठेवली होती.

"जिल्हा झाला की पाणी येतं व्हय रे?" ईश्वरप्पा त्याला विचारी. "जिल्हा झाला की कलेक्टर येतो. मग त्याच्यासाठी पण एक टँकर लागंल."

"अप्पा, तुमी उदगीरचे का लातूरचे, ते एकदा ठरवा," संगप्पा म्हणे, आणि तासभर बोलत नसे.

ईश्वरप्पाचं शस्त्र म्हणजे त्याची वही. पंचवीस वर्षांत दुकानात आलेली प्रत्येक मोटार तिच्यात होती. गाव, मालक, आणि मोटार किती फुटांवर सोडली होती. एक्क्याण्णव साली ऐंशी फूट, दोन हजारला तीनशे, आता सातशे. पुण्याचा कुणी प्राध्यापक जमिनीतल्या पाण्याबद्दल इंग्रजी तक्ता टाकी, त्याखाली ईश्वरप्पा वहीच्या पानाचा फोटो टाकी, आणि प्राध्यापक गप्प होई. ह्या गप्प होण्याची त्याला चटक लागली होती. वही पुरेना म्हणून त्यानं लोखंडी वजन बांधलेली शंभर फुटी टेप घेतली, आणि महिन्यातून एकदा मोटारसायकलवर फिरून बावीस गावांच्या विहिरी मोजायला लागला. काठाला टेप धरायची, पाण्याला वजन टेकलं की आकडा लिहायचा, पुढचं गाव. गावात कुणाशी बोलायचं नाही, हा त्याचा नियम. तो ग्रूपवर लिहीत असे, "माणूस खोटं बोलतो. टेप बोलत न्हाई."

एकच माणूस ह्या टेपेला भीत नव्हता. 'सरजा भोकर' अशा नावाचा, फोटोच्या जागी झेंडूचं फूल. नांदेड जिल्ह्यातला कुणी रिकामटेकडा मास्तर असणार, असा ईश्वरप्पाचा हिशोब. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, पण मुद्दा सोडायचा नाही. आठ महिने दोघं भांडत होते. तुरीच्या भावावर चार दिवस, कृत्रिम पावसावर नऊ दिवस.

"तुमी टेपनं मोजता अप्पा मी घागरीनं मोजते," असं सरजानं एकदा लिहिलं होतं. 'मोजते' वाचून ईश्वरप्पाला वाटलं, बोटाची चूक असणार.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो तिपण्णावाडीला गेला. भर दुपार. विहिरीवर चिटपाखरू नाही. गावाच्या पलीकडून कुठून तरी बँड वाजल्यासारखा आवाज येत होता. त्यानं टेप सोडली आणि आकडा बघून परत सोडली. एप्रिलमध्ये पाणी सेहेचाळीस फुटांवर होतं. आता बेचाळीस. पाऊस नाही, नदी नाही, आणि पाणी चार फूट वर! काठाशी एक ओला ओघळ वाळत चालला होता, त्यात चिखल. कुणीतरी म्हैस धुतली असणार.

घरी पोचेपर्यंत त्याच्या बोटांना दम नव्हता. वेशीबाहेर बाभळीखाली गाडी थांबवून त्यानं पोस्ट टाकली. "तिपण्णावाडीला रोज चार टँकर. आणि विहीर चार फूट वर आलेली. हा बघा आकडा. म्हशी धुवायला पाणी हाय, प्यायला टँकर पायजे! दुष्काळ मोजून द्या, ओरडून न्हाई."

ती पोस्ट ईश्वरप्पाच्या आयुष्यात सगळ्यात जास्त पळाली. तीनशे चाळीस जणांनी पुढं पाठवली. जिल्ह्याच्या बाजूचे म्हणाले, लातूर आमचे टँकर पळवतंय. विरोधातले म्हणाले, ह्यांना टँकर पुरत नाहीत आणि जिल्हा पाहिजे. पुण्याच्या प्राध्यापकानं सुद्धा अंगठा दिला. ईश्वरप्पा दर पाच मिनिटांनी फोन उलटा ठेवी आणि सहाव्या मिनिटाला सुलटा करी.

"एनरी, जेवायचं हाय का त्याच्यावरच पोट भरलं?" गौरम्मानं आतून विचारलं. बायकोचं कानडी राग आला की पहिल्या शब्दात दिसे, पुढं मराठी चाले.

पाच दिवसांनी सरजा भोकरचं उत्तर आलं.

"चारचे दोन टँकर झाले काल तहसील कचेरीतल्या सायबानं तुमची पोस्ट फोनवर दाखवली म्हनले बघा तुमच्याकडं पानी हाय आता या आन म्हैस दाखवा मला."

ईश्वरप्पानं लिहिलं, "भोकरात बसून तिपण्णावाडीचं काय सांगता?"

"भोकर माझं माहेर हाय मी हितं सिस्टर हाय दवाखान्यात अकरा वर्सं झाली लोक नाल्यातला झिरा उकरून पिऊन राहिले काल तीन सलाईन लावल्या या."

ईश्वरप्पानं फोन उलटा ठेवला. ह्या वेळी तो सुलटा करायची हिंमत होईना. उठला, दुकानाच्या दारापर्यंत गेला, परत आला. वही काढली. सेहेचाळीस, बेचाळीस. आकडे जागच्या जागी होते. टेप खोटं बोलत नाही. मग चुकतंय कुठं? त्यानं शटर अर्धं ओढलं, मग पूर्ण ओढलं, आणि संगप्पाला काही न सांगता गाडी काढली.

तिपण्णावाडीचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक कडुनिंब. ओसरीवर पांढऱ्या साडीतली, छप्पनच्या आसपासची बाई एका बाटलीतला थेंब मोजत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली खाटेवर एक म्हातारी सलाईन लावून पडलेली.

"जयभीम. या अप्पा. मी सरजाबाई," ती वळून म्हणाली. "टेप आनली का?"

"शरणार्थ." ईश्वरप्पानं लिंगायतांच्या रीतीनं हात जोडले. आठ महिने ज्याला 'तुमच्यासारख्या पुरुषांनी तरी' असं लिहीत होता तो समोर बाई होऊन उभा. "मला वाटलं तुमी मास्तर."

"लोकांना लई काय काय वाटतं. चला, अकराला टँकर येतो."

विहिरीवर शे-दीडशे घागरी रांगेनं लावलेल्या. ईश्वरप्पानं टेप सोडली. सेहेचाळीस फूट, आणि खाली दोन हात गढूळ पाणी.

"हेच का म्हशीवाले मामा?" रांगेतली एक विचारती झाली. "ओ मामा, आमची म्हैस दिवाळीतच बाजारात गेली. तुमाला घावली असंल तर आनून द्या की!"

सगळ्या रांगेला हसू फुटलं. ईश्वरप्पा टेप गुंडाळत बसला, जी गुंडाळलेलीच होती.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हरनं मागचा जाड पाईप ओढला आणि सरळ विहिरीच्या तोंडात सोडला. धबधब आवाज उठला. पाईपच्या जोडातून गळालेल्या पाण्याचा एक ओघळ काठाशी आला आणि तिथल्या मातीचा चिखल झाला.

ईश्वरप्पा त्या ओघळाकडं बघत राहिला. उदगीरला टँकर गल्लीत उभा राहतो, लोक नळी लावून बॅरल भरतात. इथं गाडीला पाईप एकच आणि घरं एकशे साठ, म्हणून टँकर विहिरीत ओततात आणि लोक दोरीनं काढून घेतात. ही गोष्ट तिपण्णावाडीतल्या शेंबड्या पोराला माहीत होती. पंचवीस वर्षं विहिरींतल्या मोटारी भरणाऱ्याला माहीत नव्हती.

त्यानं टेप सोडली. चव्वेचाळीस. एका टँकरला दोन फूट. दोन टँकरला?

"त्या दिवशी," तो हळूच म्हणाला, "दुपारी, हितं कुनीच नव्हतं."

"लिंबाजीच्या पोरीचं लग्न हुतं. समदं गाव मांडवात. दोन टँकर एकामागं एक ओतून गेले. बायका जेवनं उरकून तीनला आल्या." सरजाबाई त्याच्याकडं बघत होती. "बँड न्हाई का ऐकला?"

ऐकला होता.

"मला कुनी सांगितलं न्हाई," ईश्वरप्पा म्हणाला.

"तुमी इचारलं कुनाला?"

दोऱ्या खाली-वर होत होत्या. पंचवीस मिनिटांनी त्यानं पुन्हा टेप सोडली. सेहेचाळीस.

गावात रेंज फक्त शाळेच्या तिसऱ्या पायरीवर मिळे. तिथं उभं राहून ईश्वरप्पानं तिन्ही आकडे लिहिले आणि खाली लिहिलं, "ते चार फूट टँकरचे होते. म्हैस नव्हती. मी कुणाला विचारलं न्हाई. माझं चुकलं." 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यानं चार वेळा खोडले. शेवटी सरजाबाई म्हणाली, "अप्पा, ऊन लई हाय, दाबा की," तेव्हा दाबले.

तासाभरात उत्तरं आली. "किती घेतले?" "समितीनं गाठलं वाटतं अप्पाला." पुण्याच्या प्राध्यापकानं विचारलं की नमुना एकाच विहिरीचा कसा काय. पुढं पाठवणारे किती? अकरा. पहिली तीनशे चाळीस घरं अजून तीच म्हैस धूत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पा पोस्टचा छापील कागद घेऊन कचेरीत गेला. कारकुनानं वाचला, उलटा करून बघितला.

"फेसबुकवरचं हितं चालत न्हाई."

"मग पहिलं कसं चाललं?"

"ते सायबांनी स्वतः वाचलं होतं."

"मग हे पन वाचा म्हना."

"सायबांनी ग्रूप सोडला," कारकून म्हणाला. "लई भांडनं व्हायला लागली त्यात."

ईश्वरप्पानं कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. बाहेर येऊन गाडीला किक मारली, आणि ती उदगीरकडं वळायच्या ऐवजी तिपण्णावाडीकडं वळली.

"कागद करू," सरजाबाई म्हणाली. "आठ दिवस मोजा. टँकरच्या आधी, टँकरनंतर, बायका गेल्यावर. घरं आन मानसं मी लिहिते. शिक्का मारते."

"कसला शिक्का?"

"डोस पाजल्याचा हाय. गोल हाय, निळा हाय. बास की."

आठ दिवस ईश्वरप्पा रोज बत्तीस किलोमीटर गेला आणि आला. मोजायच्या मधल्या वेळात दोघं कडुनिंबाखाली भांडत. ऊस बंद करावा का, ह्यावर तिसऱ्या दिवशी इतकं पेटलं की सलाईनवाली म्हातारी म्हणाली, "बाई, माजी सुई काढ, मग भांडा." जिल्ह्यावर मात्र सरजाबाई एकच बोलली. "मी नांदेडातून लातुरात आले. सलाईनची बाटली दोनीकडं उशिराच येती."

रात्री घरी तो तांब्यातलं पाणी पिताना मध्येच थांबायचा आणि तांब्यात बघायचा. गौरम्मा म्हणे, "त्यात पन टेप सोडा."

नवव्या दिवशी चोवीस आकड्यांचा तक्ता, आठ निळ्या शिक्क्यांसह, कचेरीच्या आवक खिडकीत पडला. कारकुनानं पोच दिली, आणि पोच देताना पहिल्यांदा त्याला 'बसा' म्हणाला. सोमवारी तिसरी खेप सुरू झाली. गुरुवारी चौथी.

ईश्वरप्पानं तो तक्ता ग्रूपवरही टाकला. सात अंगठे आले, त्यातला एक संगप्पाचा, आणि संगप्पानं शेजारून ओरडून सांगितलं की तो चुकून लागला. तेवढ्यात खाली झेंडूचं फूल उमटलं.

"तक्ता बरा हाय अप्पा पन त्यात गावात हायत तेवढीच मानसं धरली कारखान्याला न् पुन्याला गेलेली घरं जूनमधी परत येत्यात ती कुटं मांडली तवा चार पुरतील का."

ईश्वरप्पानं वाचलं. पायात चपला सरकवता सरकवता उत्तराची पहिली ओळ लिहिली, खोडली, फोन खिशात घातला. तिचा मुद्दा बरोबर होता, आणि हीच गोष्ट त्याला बसू देईना. जळकी तार उपसताना येतो तसा एक चरचरीत वास नाकात आल्यासारखा वाटला. त्यानं वही काखेत मारली आणि शटर ओढलं.

घरावरून जाताना गौरम्मा दारातच होती.

"एनरी, परत? टेप तर हितंच राहिली!"

"ऱ्हाऊ दे," गाडी न थांबवता तो ओरडला. "आज इचारायचं हाय."