निरोगी नंबर एकचे निळे ठिपके

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्याला वाटेल त्यानं एकदा डॉक्टरला दाखवून यावं. जगात असा एक माणूस होता की त्याला चावून डास आजारी पडला. नुसता शिंकला-बिंकला नाही, चांगला तीन दिवस तापानं फणफणला. त्या माणसानं त्याच्या कपाळावर ओल्या कापसाचा बोळा ठेवला तेव्हा कुठे चौथ्या दिवशी तो उठून बसला. जाताना खिडकीतून मागे वळून कान पकडले आणि मगच उडाला.

हा माणूस म्हणजे बंडलकाका. शरीर रोगांशी कसं लढतं हे शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं काचेची भांडी धूत होते, आणि डासाची हकीकत अर्थात त्यांनीच प्रसृत केलेली. ‘बंडल’ हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण दुसरं नाव शोधायची गरज पडली नाही एवढं खरं.

आता या प्रयोगशाळेतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. आजाऱ्याच्या रक्तावर प्रयोग करायचा तर शेजारी निरोगी माणसाचं रक्त लागतं, नाहीतर फरक कळायचा कसा? आणि निरोगी माणूस शोधायला गावभर कोण हिंडणार? ज्याची बाही आधी वर होईल त्याचं रक्त. काकांची बाही कायम वरच असायची, भांडी धुवायची म्हणून. शिवाय त्यांची शीर बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी जाड, आंधळ्यालाही सुई सापडावी अशी. त्यामुळे सव्वीस वर्षं प्रत्येक प्रयोगात पहिली नळी त्यांची. नळीवर लिहिलेलं असायचं, ‘निरोगी-१’. काकांनी तीच अक्षरं एका पुठ्ठ्यावर लिहून धुण्याच्या खोलीच्या दारावर चिकटवली होती.

“या इमारतीत शास्त्रज्ञ छप्पन्न,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “पण निरोगी मी एकटा!”

त्या छप्पन्नांतली एक होती ठिपकेवाली. हे नावही काकांचंच. पक्ष्यांकडून माणसाला लागणारा एक फुप्फुसाचा ताप असतो. तो माणसाला कधीकाळी येऊन गेलाय का, हे ओळखणारी चाचणी ती अडीच वर्षं तयार करत होती. शहाण्णव खळग्यांची एक ताटली. प्रत्येक खळग्यात रक्तातल्या पेशी टाकायच्या आणि वर जंतूचे बारीक तुकडे. ज्या पेशीला ते तुकडे ओळखीचे वाटतील ती आपल्याखाली एक निळा ठिपका सोडते. मग भिंगाखाली डोळे फुटेस्तोवर ठिपके मोजायचे. आजाऱ्याच्या खळग्यात ठिपक्यांची जत्रा, निरोग्याच्या खळग्यात चुकार एखाद-दुसरा. इतकं साधं.

चाचणी तयार झाल्यावरची पहिलीच ताटली घेऊन सोमवारी सकाळी तिनं भिंगाला डोळा लावला आणि ‘निरोगी-१’च्या खळग्यात चौऱ्याऐंशी ठिपके मोजले.

पुन्हा मोजले. चौऱ्याऐंशीच.

“ताटली उलटी धरली असशील,” शेजारच्या टेबलावरून उंदीरवाला म्हणाला. तो दिवसभर उंदरांचं रक्त काढायचा, त्यामुळे माणसांबद्दल त्याचं मत जरा कमीच होतं.

“तू गप रे. बाही वर कर.”

“माझी कशाला?”

“कर म्हटलं ना!”

त्या दिवशी तिनं सापडेल त्याची बाही वर करायला लावली. स्वतःचं रक्त घेतलं, उंदीरवाल्याचं घेतलं, लिफ्टमध्ये अडकलेल्या दोघांचं तर दार उघडायच्या आत कबूल करून घेतलं. असे अकरा जण. द्रावणं नवी केली, ताटल्या नव्या काढल्या. बुधवारी निकाल आला. अकराही जण कोरे. तिचे स्वतःचे दोन ठिपके, उंदीरवाल्याचा एक. काकांचे या वेळी सत्त्याऐंशी.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून आकडे पाहिले. या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख, आणि चष्मा कपाळावर गेला की समजायचं, आता आपली धडगत नाही.

“बारातला एक चुकला. निरोगी माणसाला आजारी ठरवणारी चाचणी मी रुग्णांपर्यंत जाऊ देणार नाही.”

“पण मॅडम, काकांना तो ताप खरंच येऊन गेला असेल तर?”

“अर्ज बघ.” मॅडमनी फाईल पुढे सरकवली. दरवर्षीचा एक, असे सव्वीस अर्ज. ‘फुप्फुसाचा गंभीर आजार झाला होता का?’ नाही. ‘पक्ष्यांशी संबंध?’ नाही. वळणदार, ठसठशीत, सव्वीस वेळा नाही. “आणि एवढी वर्षं हेच रक्त वापरतोय आपण. आजवर कुणाला काही दिसलं नाही ते?”

“आपण प्रतिपिंडं बघत होतो म्हणून. ती म्हणजे भिंतीवर खडूनं लिहिलेली सूचना, काही वर्षांत पुसली जाते. मी स्मृतिपेशी बघतेय. त्या म्हणजे घरातली मोठी आत्या. तीस वर्षांपूर्वी कोण काय बोललं ते तिला पाठ असतं. आणि हे बघा.” तिनं दुसरा कागद काढला. जंतूचे चाळीस तुकडे तिनं एकेक करून काकांच्या पेशींना दाखवले होते. सदतीस खळगे कोरे. ठिपके फक्त तीन तुकड्यांवर, आणि खऱ्या रुग्णांच्या पेशी ज्यांच्यावर उसळतात तेच हे तीन. “गडबड असती तर सगळीकडे थोडी थोडी झाली असती. हे तर गर्दीत बोट दाखवून ओळखणं झालं.”

मॅडमचा चष्मा अर्धा खाली आला.

“अर्धा पुरावा आहे हा. उरलेला अर्धा त्यांच्याच तोंडून आण. शुक्रवार सकाळपर्यंत. नाहीतर चाचणी कपाटात, आणि तू उंदरांवर.”

“काकांच्या तोंडून? मॅडम, त्या तोंडून आजपर्यंत एक तरी खरी गोष्ट...”

“म्हणूनच तुला एक दिवस पूर्ण देतेय.”

गुरुवारी दुपारी ती दोन कप चहा घेऊन धुण्याच्या खोलीत गेली. खोलीत वाफ कोंदली होती, फळ्यांवर बाटल्या पालथ्या घातलेल्या होत्या आणि कोपऱ्यात गेल्या वर्षी आणलेलं भांडी धुण्याचं यंत्र घरघरत होतं. काका त्याच्याकडे पाठ करून बसले होते, घरात सवत आल्यासारखे.

“काका, एक विचारू? खरं सांगायचं हं.”

“मी खोटं कधी बोललोय?”

“तरुणपणी कधी मोठा ताप? छातीत कफ, महिनाभर खोकला, असं काही?”

“मला?” काकांनी कप खाली ठेवला. “पोरी, ताप माझ्या दाराशी येतो, वरची पाटी वाचतो आणि मुकाट्यानं शेजारच्याच्या घरी जातो.”

“माझे ठिपके तसं म्हणत नाहीत.”

“ठिपके तर बिबट्यालाही असतात. तो काय आजारी असतो?”

ठिपकेवालीनं चहाचा घोट घेतला आणि समोरच्या बाटल्यांकडे बघत बसली. थेट विचारून हा माणूस हाती लागणार नाही, हे उघड होतं. मग तिला वाटलं, सगळं मिश्रण एकदम टाकलं की कोण कशाला उसळलं ते कळत नाही. आपण ताटलीत काय केलं? तुकडे वेगळे केले. एकेक दाखवला.

“बरं ते जाऊ दे,” ती म्हणाली. “तुमचा कधी घोड्याशी संबंध आला होता का हो?”

“घोडा!” काका खुलले. “एक घोडा मला चावला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे सगळे दात माझ्या खांद्यात. शेवटी मालकानं त्याला कवळी करून दिली.”

“आणि मगर?”

“तिला माझी शिंक लागली. आठ दिवस नाक गळत होतं बिचारीचं. नदीला पूर आला तो त्यामुळेच.”

तिनं हत्ती विचारला, हत्ती निघाला. वटवाघूळ विचारलं, तर ते काकांकडे सरळ कसं झोपायचं ते शिकायला आलं होतं. आता ती पंखवाल्यांकडे वळली. कोंबडी? काकांच्या कोंबडीनं चौकोनी अंडी घातली, रचायला सोपी म्हणून. पोपट? तो एवढं खोटं बोलायचा की काकांनाच लाज वाटून त्यांनी त्याला सोडून दिलं.

“आणि कबूतर?”

“नाही.”

यंत्र घरघरत राहिलं. ठिपकेवालीनं कप ओठांपर्यंत नेला तो तिथेच राहिला. साध्या काडेपेटीलाही झालर लावणारा हा माणूस, आणि कबुतराला एक शेपूट नाही, एक पंख नाही? कोरडं, दोन अक्षरी ‘नाही’? तिच्या ताटलीत कोरा खळगा म्हणजे निरोगी. काकांच्या ताटलीत नेमका उलटा हिशेब होता. दुखरी जागा तेवढी कोरी.

“एकही गोष्ट नाही कबुतराची?”

“नाही म्हटलं ना.” काकांनी एक धुतलेली बाटली उचलली आणि पुन्हा धुवायला घेतली. मग तिच्याकडे न पाहताच म्हणाले, “ती दारावरची पाटी काढलीत ना, तर मी इथे कोण गं? भांडी तो डबा धुतो, माझ्यापेक्षा चांगली धुतो. तुमच्या या सगळ्या विज्ञानात माझं म्हणून एवढंच जातं. महिन्याला चार नळ्या.”

ठिपकेवालीला वाईट वाटलं. पण उत्सुकता ही अशी चीज आहे की ती वाईट वाटण्यातूनही वाट काढते.

“काका, निरोगी माणसं मला एका दिवसात अकरा मिळाली. उंदीरवालासुद्धा निरोगी निघाला, म्हणजे बघा! पण हा ताप येऊन गेलेला सगळ्यात जुना रुग्ण आहे ना माझ्याकडे, तो चार वर्षांपूर्वीचा. तीस वर्षं पेशी आठवण ठेवतात का, हे मला कुणाला विचारायचं? असा एक माणूस मिळाला तर मी त्याला सोन्याच्या खुर्चीत बसवीन.”

“सोन्याच्या?”

“बरं, निदान गादीच्या.”

काकांनी बाटली ठेवली आणि हात पुसले. डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. पण सव्वीस वर्षांचं ‘नाही’ एका गादीवर विकायचं म्हणजे सोपं नव्हे.

“असेल बुवा कुणीतरी,” ते म्हणाले. “शोध म्हणजे सापडेल. पण मी तो नव्हे. कबूतर मी जन्मात हातात धरलेलं नाही. ते धरतात कसं तेच मला ठाऊक नाही. लोक आपले वेड्यासारखे मुठीत आवळतात, जीव घाबराघुबरा होतो त्याचा. असं करायचं नसतं. पाय दोन बोटांच्या मधे घ्यायचे, अंगठा वरून पंखांवर, अगदी अलगद, आणि छाती आपल्याकडे. म्हणजे त्याला आपलं काळीज ऐकू येतं आणि ते शांत होतं...”

बोलता बोलता त्यांचा डावा हात छातीशी आला होता. दोन बोटं खाली फाकलेली, अंगठा हवेत कशावर तरी हलका टेकलेला. उजव्या हाताचं एक बोट त्या नसलेल्या छातीवरून वरून खाली सावकाश फिरत होतं.

ठिपकेवाली ताडकन उठली, तिचा चहा सांडला.

“खोटं!” ती ओरडली. “साफ खोटं, काका! कबूतर आत्ता तुमच्या हातात आहे!”