गळती नसलेली बरणी

यार्डातल्या मोठ्या शेडमध्ये एवढी गर्दी मी संपाच्या दिवशीसुद्धा पाहिली नव्हती. क्रेनच्या शिडीवर माणसं, पत्र्यांच्या थप्पीवर माणसं, आणि मधोमध लोखंडी टेबलावर एक उंच काचेची बरणी. बरणीत काठोकाठ पाणी, पाण्यात वरच्या टोकाशी तरंगणारी बोटभर काळी बाहुली. टेबलामागे पांढऱ्या कपड्यांतला बाबा बसला होता. त्याचा तळवा बरणीच्या तोंडावर ताणून बसवलेल्या रबरावर होता, डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर नुकतंच पोटभर जेवल्याची तृप्ती होती.

आमचं यार्ड बार्ज बांधतं, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट लोखंडी बोटी. काही दिवसांपूर्वी एका बार्जच्या पोटात वेल्डिंगचा गॅस साचून स्फोट झाला आणि मुकादमाचा धाकटा भाऊ जागच्या जागी गेला. मी यार्डाच्या दवाखान्याची डॉक्टर. त्याचं जे काही उरलं होतं ते मीच चादरीत बांधून मुकादमाच्या हवाली केलं. तेव्हापासून मुकादमाच्या तोंडी एकच प्रश्न होता, गॅस कोणी सोडला? स्फोट झालेल्या बार्जमध्ये उतरून बघायची कुणाची छाती होत नव्हती. त्यापेक्षा बाबाला आणणं सोपं होतं, म्हणून बाबाला आणलं.

"पाप जड असतं, बाळांनो," बाबा सांगत होता. "पुण्य हलकं असतं. हलकं ते तरंगतं, जड ते तळाला जातं. तुम्ही नाव घ्या, बाहुली निकाल देईल." बाबा स्वतः क्रेन लावूनच उचलावा अशा अंगाचा होता, पण तो हिशेब तिथे कुणी मांडला नाही.

मुकादम काही भोळाभाबडा माणूस नव्हता. आमच्याकडे सांध्यातून पाण्याचा थेंब आला की "सांध्याने चहाडी केली" म्हणतात, आणि चहाडी न करणाऱ्या सांध्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. म्हणून बाबा बरणीत हात घालून लबाडी करील, या शंकेने मुकादमाने स्वतः रबर कापलं, स्वतः पट्टी आवळली आणि कोरडा कागद भोवती फिरवून ओल येते का ते पाहिलं. बाबाने मुळीच हरकत घेतली नाही. उलट तोच बजावत होता, नीट आवळ, हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये. कागद कोरडा निघाला तेव्हा सगळ्या शेडने सुटकेचा श्वास टाकला. पाण्याला बाहेर यायला वाट नाही, तर लबाडीला आत शिरायला वाट कुठली, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मुकादम एकेक नाव घेऊ लागला. बाहुली हलेना. मग रंगाऱ्याचं नाव आलं. रंगारी तोंडाचा फटकळ, मुकादमाच्या भावाशी त्याची जुनी बाचाबाची, आणि बाबा दोन दिवस चहाच्या टपरीवर बसून हेच सगळं ऐकत होता. नाव घेताच बाहुली थरथरली आणि सरळ तळाला गेली. बाबाने हात काढला तशी ती अलगद वर आली.

पुढचं फार झटकन झालं. पहिला फटका साखळीचा बसला, तो तोंडावर. रंगारी खाली पडला आणि मग ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन माणसं त्याच्यावर तुटून पडली. नट आवळायचे पाने, पाइप, बूट. मी ओरडत आत घुसले तर कुणीतरी मला कोपराने मागे ढकललं. दमले तेव्हा थांबले, दया येऊन नव्हे. त्याचा एक डोळा गेला होता, जबडा लोंबत होता आणि श्वासागणिक बरगडीचं टोक कातडीखाली हलताना दिसत होतं.

त्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं होतं. पण निकाल पुरा होईपर्यंत गेट उघडायचं नाही, असा मुकादमाचा हुकूम. पोलिसांना मी फोन केला. त्यांची जीप गेटबाहेर आली आणि आतला जमाव बघून बाहेरच उभी राहिली.

माझ्याकडची नर्स, जिला सगळं यार्ड आक्का म्हणतं, रंगाऱ्याचं रक्त पुसत होती. तिचा धाकटा भाऊ वेल्डर. तो मारहाण ऐकून धावत आला आणि तिथल्या तिथे बोलून गेला की स्फोटाच्या दिवशी रंगारी दिवसभर त्याच्यासोबत दुसऱ्याच बार्जवर होता. आक्काने त्याला गप्प राहा म्हणून खुणावलं, पण ऐकणाऱ्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाने जाहीर केलं की पाप एकट्याचं नाही, रंगाऱ्याला साथीदार आहे. दुपारपर्यंत वेल्डरला क्रेनच्या खांबाला बांधलं होतं.

त्या वेळी मी दवाखान्यात रंगाऱ्याला इंजेक्शन देत होते. सुई तुंबली होती. मी जोर लावला तरी सिरिंजमधलं औषध पुढे सरकेना, पण त्यात राहून गेलेला हवेचा बुडबुडा मात्र आक्रसला. जोर सोडला तसा तो पुन्हा फुगला. मी पुन्हा दाबलं आणि पुन्हा सोडलं. रंगाऱ्याला दुसऱ्या सुईने इंजेक्शन दिलं, सर्वांत जाड सुई खिशात टाकली आणि शेडकडे पळाले. आक्का माझ्या पुढे पळत होती.

आक्का भावाच्या आड उभी राहिली तर तिच्या डोक्यात पाइप बसला. ती बसली, रक्त डोळ्यांत आलं, तरी तिने भावाचा पाय सोडला नाही. मी मुकादमाची कॉलर धरली. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, हातात पाइप, डोळे कित्येक रात्री न मिटलेले.

"डॉक्टरबाई, मधे पडू नका," तो म्हणाला. "तुम्हाला लागेल."

"लागू दे. तुझा देव बोलतो ना? मग रबराला सुईएवढं भोक पडलं म्हणून तो काही मुका व्हायचा नाही. एवढंच करू दे मला, मग पाहिजे ते कर."

बाबा ताडकन उठला. पावित्र्य भंगेल, कोप होईल, बाई माणसाचा हात लागता कामा नये, अशी त्याची सरबत्ती सुरू झाली. काल हवेचा बुडबुडा चालत नव्हता, आज सुई चालत नव्हती. मुकादम त्याच्याकडे बघत राहिला. सांधा तपासायला नको म्हणणारा माणूस त्याने आयुष्यभर पाहिला होता, आणि तसल्या माणसाचं काम त्याने कधीच पास केलं नव्हतं. "टोचू द्या," तो म्हणाला.

मी जाड सुई रबरात खुपसली आणि तिथेच राहू दिली. बाबाने नाइलाजाने तळवा ठेवला. मुकादमाने वेल्डरचं नाव घेतलं. सुईच्या तोंडातून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली आणि थेट बाबाच्या नाकावर बसली. बाहुली जराशी डुलली आणि वरच राहिली.

"बाबा नुसता हात ठेवतो म्हणाला होता," मी म्हणाले. "मग पाणी कुणी दाबलं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा रुमाल शोधू लागला.

मी मुकादमाला टेबलाशी ओढलं, त्याचा तळवा रबरावर ठेवला आणि सुईचं तोंड अंगठ्याने बंद केलं. "आता धाकट्याचं नाव घे आणि दाब," मी सांगितलं. तो घेईना. ओठ नुसतेच हलत राहिले. मग त्याने भावाचं नाव घेतलं, अगदी हळू, लहानपणी हाक मारायचा तसं, आणि हात दाबला. बाहुली सरळ तळाला गेली.



"ठरला तुझा भाऊ दोषी," मी म्हणाले. "आता त्याला कुठून आणणार मारायला?"

मुकादमाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मी रबर सोडवलं, बाहुली बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उलटी धरली. ती आतून पोकळ होती आणि तिच्या पायाच्या तळव्याला बारीक भोक होतं. समजावून सांगायला मला वेगळे शब्द शोधावे लागले नाहीत, त्यांचेच होते. तुमचा बार्ज लोखंडाचा, हत्तीपेक्षा जड, तरी तरंगतो. का? तर त्याचं पोट मोठं आणि रिकामं असतं. त्या पोटाने तो जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढं पाणी तोललं तर बार्जच्या वजनाइतकं भरतं, म्हणून पाणी त्याला वर धरतं. खिळा चिमूटभर, पण स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारण्याएवढा त्याचा आकार नसतो, म्हणून तो बुडतो. नुसतं जड किंवा नुसतं हलकं असून काही ठरत नाही. आणि बार्जच्या तळाला भोक पडलं तर? पाणी आत येतं, तेवढी पोकळी कमी होते, बार्ज तळाला जातो. ही बाहुली म्हणजे तळाला भोक असलेला बार्ज. आत हवा कोंडलेली आहे तोवर ती तरंगते. बंद बरणीचं रबर दाबलं की पाण्याला कुठे जायला वाट नसते, पण हवा आक्रसते. मग त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि बाहुली बुडते. हात सैल सोडला की हवा पसरते, पाणी बाहेर जातं, बाहुली वर.

"उघड्या बरणीत हे झालंच नसतं," मी म्हणाले. "गळती राहू नये म्हणून तुम्ही जिवाचं रान केलंत आणि बाबाला हवी होती तशी बरणी त्याला बांधून दिलीत."

समजायला त्यांना वेळ लागला नाही. ज्यांचं पोट तरंगण्यावर चालतं त्यांना तो का लागावा? मुकादमाने बरणी उचलून जमिनीवर आपटली आणि तोच पाइप घेऊन बाबाकडे वळला. बाबा टेबलाखाली शिरला, त्याला पायाला धरून ओढलं, आणि कालच्यासारखेच सगळे पुन्हा तुटून पडले. तेच पाने, तेच बूट. वेल्डरच्या दोऱ्या अजून सुटल्या नव्हत्या. मी बाबाच्या अंगावर आडवी पडले म्हणून तो पडलेले दात आणि मोडलेलं मनगट एवढ्यावर सुटला. माझ्याही पाठीत दोन लाथा बसल्या. मग कुणीतरी गेट उघडलं, कारण आता ते बंद ठेवण्याचं कारण उरलं नव्हतं.

पोलीस प्रथम बार्जमध्ये उतरले. गॅसची नळी जुनी होऊन चिरली होती. ती कुणीही सोडली नव्हती. कुणीही बदलली मात्र नव्हती, आणि ती बदलायला हवी असं ऑफिसात सांगितलं कुणी आणि ऐकलं नाही कुणी, हे विचारायचं काम तिथून पुढे सुरू झालं. आठवडाभर ती नळी तिथेच पडून होती. खाली उतरून बघायला टॉर्चभर उजेड पुरला असता.

रंगारी त्या संध्याकाळी गेला. हॉस्पिटलच्या वाटेवर.

मुकादम आणि बरीच माणसं दवाखान्याच्या दारात आली. आक्काच्या डोक्याला मी टाके घालत होते. त्यांना माझे आभार मानायचे होते, आणि बाबाने रंगाऱ्याला मारलं म्हणून त्याला फाशी व्हावी, असा जबाब मी द्यावा अशी त्यांची इच्छा होती.

"बाबाने बाहुली बुडवली," मी म्हणाले. "त्याची शिक्षा त्याला होईल, मी स्वतः साक्ष देईन. पण रंगाऱ्याला बाबाने बोटसुद्धा लावलं नाही. वेल्डरने तोंडाने सांगितलं की रंगारी तिथे नव्हता, तरी तुम्ही गेट उघडलं नाही. माणूस बोलत होता आणि तुम्ही बाहुलीचं ऐकलंत. लबाडी बाबाची होती, रे. हात तुमचे होते."

आक्काचा शेवटचा टाका बांधून मी कात्री खाली ठेवली. वस्तू तरंगते की बुडते हे पाणी चोख सांगतं. माणूस दोषी आहे की निर्दोष हे पाण्याला कळत नाही, ते आपल्यालाच विचारून, तपासून, पुरावा बघून ठरवावं लागतं. आणि हात उचलण्याआधी ठरवावं लागतं.

मुकादम बराच वेळ आपले तळवे बघत उभा होता. मग त्याने विचारलं, रंगाऱ्याच्या घरी कोण कोण आहे. मी सांगितलं. तो बाहेर पडला आणि गेटसमोर उभ्या असलेल्या जीपकडे स्वतःहून चालत गेला.