टाचेतली पट्टी

"लावा नाक, मामा," म्हणत साहेबांनी फाटका बूट टेबलावर आपटला. "पाच मिनिटांचं काम. तुम्ही नाही म्हणा, मी उत्तर टाइप करायला सांगतो, विषय संपला."

मामांनी बूट उचलला. स्वतःच्याच कारखान्याचा, पांढरा, टाचेपाशी उसवलेला. कॉलेजच्या पोरांपासून चालायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत आज ज्याच्या त्याच्या पायात हाच बूट दिसतो. खोक्यावर हिरवं पान छापलेलं असतं आणि खाली ओळ: या बुटात कुठल्याही प्राण्याचं काहीही नाही.

ही ओळ खरी की खोटी हे रोज ठरवायचं काम मामांचं. प्रयोगशाळेत नमुना जायचा वर्षातून एकदा. बाकीचे सगळे दिवस मामा. आलेल्या मालाचा तुकडा कापायचा, चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर जाळायचा, वास घ्यायचा. प्लास्टिक घशाला खवखवतं. चामडं जळलं की केस जळल्याचा वास येतो. मग कार्डावर सही. बावीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत, म्हणून सगळे त्यांना नाकमामा म्हणत. पगार मात्र बिननाकाच्या माणसाएवढाच.

आणि गेल्या आठ महिन्यांपासून मामांना कसलाही वास येत नव्हता.

गोंदाचं पिंप सांडलं होतं. पुसायला कुणी पुढे होईना, मामा वाकले आणि वाफ थेट नाकात गेली. तिसऱ्या दिवशी चहा, साबण, पेट्रोल सगळं सारखंच. म्हणजे काहीच नाही. डॉक्टर म्हणाला, आता परत येणं कठीण. घरी बायको म्हणाली, "सांगून टाका हो साहेबांना."

"सांगून काय करू? त्या टेबलावर मला नाकासाठी ठेवलाय, रूपासाठी नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. निघतील."

निघत होती. मामा डोळ्यांवर काम भागवत होते. प्लास्टिक वितळतं, थेंब पडतो, गार झाला की त्याचा कडक मणी होतो. चामडं आकसतं, काळं पडतं, बोटात चुरलं की राख. दहातल्या नऊ वेळा डोळे पुरतात. दहाव्या वेळेचं काय, हा विचार मामा करत नसत. खोटं कशाला बोला, घाबरत होते म्हणून करत नसत.

टेबलाभोवती आणखी दोघं होती. मालखरेदीचा माणूस, त्यानंच सहा महिन्यांपूर्वी टाचेतल्या पट्टीचा नवा पुरवठादार आणला होता. आणि शिवणीवरची ताई, जी ही पट्टी बुटात बसवायची. साहेबांनी तिला मशीनवरून उठवून आणलं होतं, चूक निघालीच तर एक गळा हाताशी असावा म्हणून.

"पत्र वाचू दे," मामा म्हणाले.

"पत्रात काय वाचायचंय? कुणीतरी रिकामटेकडी बाई आहे."

"वाचतो की. बूट तिचा आहे."

साहेबांनी कागद सरकवला. अक्षर घाईचं, पण सरळ.

'मी नर्स आहे. बारा-बारा तास उभी असते. अकरा वर्षं मी चामडं अंगाला लावलेलं नाही. का, ते माझं मला माहीत. तुमच्या खोक्यावरच्या ओळीवर विश्वास ठेवून चार महिने हा बूट घातला. टाच उसवली तेव्हा आतली पट्टी काढली आणि जाळून पाहिली. ऑपरेशनच्या खोलीत कातडी जाळताना जो वास येतो तो मी रोज घेते, त्यामुळे मला समजावत बसू नका. एवढंच सांगा: यात जनावर आहे का? हो किंवा नाही.'

मामांनी कागद घडी करून ठेवला. कात्रीनं पट्टीचा नखाएवढा तुकडा कापला. चिमटा दोनदा सुटला.

तुकडा पेटला. वितळला. एक काळा थेंब बशीत पडला.

"हे बघा!" खरेदीवाला ओरडला. "वितळलं. प्लास्टिक. चला."

डोळे प्लास्टिकच म्हणत होते. पण मामांनी थेंब गार होऊ दिला आणि बोटात दाबला. मण्यासारखा कडक लागायला हवा होता. अर्धा चुरला. आत बारीक, तांबूस भुसा. ही लबाडी मामांना ठाऊक होती. चामड्याच्या कातरणीचा भुगा करायचा, राळेत कालवायचा, लाटून तक्ता करायचा. दिसायला प्लास्टिक, वितळतंही तसंच. पूर्वी याच टेबलावरून असला माल मामांनी दोनदा परत पाठवला होता, तेव्हा नाक जाग्यावर होतं. या वेळी सहा महिने रोज थेंब पडलेला पाहिला आणि सही ठोकली. मणी चुरून बघितला नाही.

तरी खात्री नव्हती. नुसता रंगाचा भुसाही असू शकतो. खात्री फक्त वासानं होते.

मामांनी मान वर केली आणि वास हवेत नाही, माणसांच्या तोंडावर शोधला. खरेदीवाला नाकाचा शेंडा चोळत होता. साहेब अर्धं पाऊल मागे सरकले होते. ताईनं तोंड फिरवलं होतं, ओठ घट्ट मिटलेले.

तिघांनाही आला होता. तिघंही गप्प होती. नाकं तिघांनाही होती, पण सही लागायची ती एकट्या मामांची, म्हणून तिघंही निवांत.

"बोला मामा," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तीनशे माणसं कामाला आहेत इथं. एक बाई विचारतेय. नाही म्हणायला काय जातंय?"

"ताई, वास कसला येतोय?"

"मला काय कळतंय, मामा," ती पायाकडे बघत म्हणाली. "नाक तुमचं."

"माझं गेलंय."

"काय?"

"नाक. आठ महिने झाले. मला काही येत नाही."

साहेब हसले. "मस्करीची वेळ आहे का ही?"

मामांनी शेजारचा गोंदाचा डबा ओढला, झाकण उघडलं, तोंड आत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. ताई खोकत मागे झाली. साहेबांनी रुमाल काढला. मामांनी तोंड वर केलं. डोळ्यांत पाणी नाही, ठसका नाही. पाणी पिऊन उठावं तसे उभे.

हसणं थांबलं.

"मग आठ महिने सह्या कुणाच्या?"

"माझ्या."

खरेदीवाल्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "घ्या! म्हणजे घोळ इथं आहे. मी बिचारा यांच्या सहीवर माल घेत होतो!"

"तू बिचारा काय दरानं घेत होतास ते मला बोलायला लावू नकोस," मामा म्हणाले. "माझी चूक मी सांगतोय. सहा महिन्यांचे बूट माझ्या सहीनं गेलेत. लिहा तसं. पण आधी त्या बाईला उत्तर द्या."

"काय उत्तर देऊ? तुम्हाला तर वासच येत नाही!" साहेबांना वाट सापडली होती. "म्हणजे चामडं आहे असंही म्हणता येत नाही. सिद्ध काय झालं? काही नाही."

खरंच होतं ते. मामांनी स्वतःचं नाक कापून दिलं आणि साहेबांनी तेच ढाल म्हणून पुढे धरलं.

"केस," ताई म्हणाली.

"तू मशीनवर जा."

"केस जळल्याचा वास येतोय. मला पहिल्यापासून येतोय. मशीनची सुई तापते ना, तेव्हा पण येतो. मुकादमाला बोलले होते, तो म्हणाला तुझेच केस असतील." ती खरेदीवाल्याकडे वळली. "तुम्हाला पण आला. नाक काय उगाच चोळत होता?"

त्यानं हात झटकन खाली घेतला. ऐकलेलं परत न ऐकलेलं करता येईना.

उत्तर टाइप झालं. 'तपासनिसाच्या अक्षम्य चुकीमुळे' अशी सुरुवात होती. मामांनी ते वाचलं.

"हे राहू द्या, खरं आहे. पण याच्या आधी एक शब्द घाला. तिनं हो किंवा नाही विचारलंय."

साहेबांनी पेन उघडलं. मग 'हो' घातलं. मामा पाकीट डिंकानं बंद होऊन टपालात पडेपर्यंत तिथंच उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत टेबल ताईला देऊन टाका, एवढं सांगून साहेब गेले. उद्यापासून येऊ नका हे सांगायला त्यांनी कारकुनाला पाठवलं.

मामांनी चिमटा तिच्या हातात दिला. "असा धर. आच लांबून. पहिला धूर सोडून द्यायचा, तो रंगाचा असतो. दुसरा खरा."

ती वाकली आणि धुराजवळ नाक नेलं. मामांनी तिला खांद्याला धरून मागे ओढलं, जरा जोरातच.

"थेट ओढायचा नाही. पंजानं वारा घालून आपल्याकडे आणायचा. एवढासाच. मी थेट ओढत राहिलो."

ताईनं पंजा हलवला. एकदा. पुन्हा एकदा.

टेबलामागची खिडकी कायम बंद असायची, गोंदावर धूळ बसू नये म्हणून. कडी रंगात चिकटून गेली होती. मामांनी कात्रीच्या टोकानं रंग खरवडला, दोन्ही हातांनी कडी ओढली. फळी करकरत उघडली. बाहेरचं वारं आत आलं आणि दिव्याची ज्योत आडवी झाली.

"काम अवघड होईल," ताई म्हणाली.

"होऊ दे," मामा म्हणाले, आणि फळी परत लागू नये म्हणून सांधीत पुठ्ठा घडी करून बसवू लागले.